पुण्याहून एनसीपीएला येताय? दुपार ओव्हलसाठी ठेवा

सत्तरीला आलेल्या आई-बाबांना घेऊन तुम्ही पुण्याहून शनिवारी एनसीपीएत, म्हणजे मुंबईत नरिमन पॉइंटच्या कलाकेंद्रात, सिम्फनी ऑर्केस्ट्रा (पाश्चात्त्य अभिजात संगीताचा मोठा वाद्यवृंद) ऐकायला येणार, दोघांनी नाट्यसंगीत आणि सवाई गंधर्व भरपूर ऐकलंय पण हे कधीच नाही, आणि उरलेल्या वेळात आसपास काय दाखवू, असं विचारलंय.

आधी परतीचं बघा. डेक्कन क्वीनने सकाळी साडेदहाच्या आसपास सीएसएमटीला पोचाल, पण तीच गाडी संध्याकाळी पाच-दहाला परत निघते, म्हणजे कार्यक्रमाच्या आधीच. रात्री गाडी करून घाट चढायच्या फंदात पडू नका. फोर्टात किंवा चर्चगेटजवळ एक रात्र राहा. जेवणानंतर त्यांना तासभर पडू द्या.

गेटवे, म्युझियम, कुलाबा असं सगळं त्या दुपारी कोंबायचा मोह आवरा. चारच्या सुमारास हुतात्मा चौकातून निघा. संयुक्त महाराष्ट्राचं हुतात्मा स्मारक तिथेच आहे, बाबांना त्या चळवळीबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्या. तिथून उच्च न्यायालयाच्या कडेने ओव्हल मैदानावर या. राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आपल्या आईचं नाव लावायला सांगितलं. मैदानात उभं राहून आई-बाबांना एवढंच सांगा, की या टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती उठल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता. मग भराव पडला, आणि पलीकडच्या बाजूला १९३०च्या दशकात आर्ट डेको (साध्या, गोलसर रेषांच्या शैलीतल्या) इमारतींची रांग उभी राहिली. मैदानाच्या दोन्ही अंगांच्या या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. चर्चगेटसमोरचं इरॉस सिनेमागृह १९३८चं. तिथून पुढे नरिमन पॉइंट, म्हणजे त्याहून नंतरचा भराव, आणि त्याच्या टोकाला एनसीपीए. चालाल तशी पायाखालची जमीन नवी होत जाते. मला मुंबईत पाहुण्यांना फिरवायला याहून चांगला रस्ता माहीत नाही.

मात्र सगळा रस्ता पायी नको. ओव्हल ओलांडून चर्चगेटपर्यंत चाला, के. रुस्तममध्ये दोन बिस्किटांमधलं आइस्क्रीम खा (मधुमेह असेल तर वासावर भागवा), आणि पुढे टॅक्सी करा. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सीही मिळतात.

तिकिटावर थिएटरचं नाव नीट वाचा. एका आवारात पाच थिएटरं आहेत, आणि ऐन वेळी चुकीच्या दारात उभी असलेली माणसं नेहमी दिसतात. ऑर्केस्ट्रा बहुधा जमशेद भाभा थिएटरमध्ये असतो. हे थिएटर उद्घाटनाआधीच आगीत सापडलं. पुन्हा बांधून १९९९मध्ये सुरू झालं. आतला संगमरवरी जिना पेटिट हॉल या जुन्या बंगल्यातून आणलेला आहे. खरं सांगायचं तर माझं मन टाटा थिएटरवर. फिलिप जॉन्सन यांचा आराखडा, ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची, १९८०चं बांधकाम. पंख्यासारखी पसरलेली आसनं आणि ध्वनिक्षेपकाशिवाय गाणं ऐकू यावं अशी रचना. कधी तिथे हिंदुस्थानी संगीताची बैठक असेल तर आई-बाबांना पुन्हा आणा.

जागा घेताना पहिल्या रांगांचा हट्ट नको. समोर फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात आणि मागची वाद्यं झाकली जातात. ऑर्केस्ट्राला मी बाल्कनी घेतो, सगळा ताफा दिसतो आणि आवाज एकजीव होऊन येतो. पण तुमच्याकडे गुडघ्यांचा प्रश्न असेल तर खालचा मधला भाग घ्या आणि कडेची खुर्ची मागा. पियानो असेल तर डावी बाजू, बोटं दिसतात.

सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६मध्ये खुशरू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालीव यांनी सुरू केला. मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये असतो. सुरुवातीला ओबो (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) एक सूर धरतो आणि सगळे त्यावर वाद्यं मिळवतात. तंबोरे जुळताना ऐकलेल्या माणसाला हा भाग लगेच आपला वाटतो, तेव्हा तो चुकवू नका. अवघड जातं ते पुढे. बाबांची मान डोलेल, तोंडातून ‘वा!’ निघेल. इथे मध्ये दाद देत नाहीत. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नसतात. कंडक्टर, म्हणजे समोर उभा राहून हातांनी वादकांना चालवणारा, प्रेक्षकांकडे वळला की मग मनसोक्त.

आईसाठी शाल घ्या, एसी कडक असतो. वेळेआधी अर्धा तास पोचा, कारण उशिरा येणाऱ्यांना रचना चालू असताना आत सोडत नाहीत. सुटल्यावर लगेच टॅक्सीसाठी धावू नका, तेव्हा तिथे झुंबड असते. समोर मरीन ड्राइव्हचा कट्टा आहे, वीस मिनिटं बसा. मेट्रोने परतायचं ठरवलं असेल तर विधान भवन स्थानक जवळ पडतं, पण मेट्रो लोकलपेक्षा बरीच आधी बंद होते. शेवटच्या गाडीची वेळ त्याच दिवशी तपासा.