विम्बल्डनमध्ये पहिल्याच आठवड्यात खेळाडू इतके का घसरतात? गवत झिजल्यावर खेळ बदलतो का?

बदलतो, आणि बराच बदलतो. आधीच सांगतो, मी गवतावर आयुष्यात टेनिस खेळलेलो नाही. सांगलीत मातीच्या कोर्टवर रॅकेट फिरवत आलोय आणि कॉलेजात असताना क्रिकेटच्या पिचवर रोलर ओढलाय. विम्बल्डन बघताना मला रॅकेटपेक्षा तो रोलरच जास्त कामाला येतो.

आधी घसरण्याचं बघू. तिथलं गवत कापून ८ मिलिमीटरवर ठेवतात, म्हणजे कच्च्या बासमतीच्या दाण्याएवढं. सुरुवातीच्या दिवसांत ते कोवळं, रसरशीत असतं. पाऊस नसला तरी पात्यातलाच ओलावा बुटाखाली चिरडून बाहेर येतो. जुलैतल्या सकाळी कॅनव्हासचे बूट घालून ओल्या हरळीवर चौकार अडवायला धावलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या पांढऱ्या पँटच्या गुडघ्यावरचा हिरवा डाग आईने लिंबू-मीठ घासूनही निघाला नव्हता.

२०२१ मध्ये पहिले दोन दिवस पावसाचे गेले आणि सेंटर कोर्टचं, म्हणजे तिथल्या मुख्य कोर्टचं, छत बराच वेळ बंद ठेवावं लागलं. त्या कोर्टवर एकाच दिवशी आधी फेडररसमोरचा मानारिनो आणि नंतर सेरेना विल्यम्स घसरले, दोघांनाही सामना अर्धवट सोडावा लागला. छतामुळे सामना होतो खरा, पण गवताला ऊन-वारा मिळत नाही, मग ते वाळणार कसं?

आता टप्पा. मातीवर चेंडू जमिनीला घासतो, त्याचा वेग मोडतो आणि तो वर उसळतो. गवत निसरडं, ते चेंडूला धरत नाही. त्यामुळे चेंडू वेगात सरकत येतो आणि खाली राहतो, आपल्या क्रिकेटवाल्यांच्या भाषेत ‘बसतो’. म्हणून तिथे स्लाइसला, म्हणजे उलटी फिरकी देत कापून मारलेल्या फटक्याला, एवढा भाव. मातीवर स्लाइस मारला की समोरचा आरामात मागे सरून घेतो, गवतावर त्याला गुडघे वाकवून जवळजवळ बसावं लागतं.

झिजण्याच्या बाबतीत माझ्या मते एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पाय पडतात ती जागा आणि चेंडू पडतो ती जागा एक नाही. आजकाल दुसऱ्या आठवड्यात वरून कॅमेरा दाखवतात तेव्हा बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, आणि तिच्या मागे मातकट पट्टा दिसतो, पण सर्व्हिस बॉक्स, म्हणजे नेटजवळचा सर्व्हिस पडायचा चौकोन, बऱ्यापैकी हिरवाच असतो. म्हणजे पायांना पहिल्या दिवसापेक्षा चांगली पकड मिळते, आणि सर्व्हिस मात्र अजून गवतावरच पडून सरकत येते. अडचण होते ती खोल मारलेल्या चेंडूची. तो नेमका टक्कल पडलेल्या जागेच्या काठावर पडला तर कसा येईल याचा नेम नाही.

जुन्या सामन्यांचे फोटो बघा. तेव्हा बेसलाइनपासून नेटपर्यंत पायवाटच पडलेली असायची, कारण सर्व्हिस केली की खेळाडू नेटकडे धावायचा. त्या धावण्यानेच टप्प्याच्या जागा बिघडायच्या, आणि टप्पा बिघडला म्हणून चेंडू जमिनीला लागूच न देता व्हॉलीवर घेणं शहाणपणाचं ठरायचं. २००१ मध्ये बियाणं बदललं. आधी ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के फेस्क्यू अशा दोन जातींचं गवत असायचं, ते पूर्ण रायग्रास झालं. हे गवत झीज जास्त सोसतं. खालची मातीही घट्ट, कोरडी राहू लागली, टप्पा थोडा वर आणि भरवशाचा येऊ लागला. २००२ च्या अंतिम सामन्यात ह्युइट आणि नालबंडियन, दोघंही बेसलाइनवरून खेळणारे. सगळं श्रेय गवताचं नाही, रॅकेटच्या नव्या तारांचाही त्यात वाटा आहे, पण गवताचा मोठा.

उखडलेली जागा स्पर्धेत भरून का निघत नाही, असं माझ्या पुतण्याने विचारलं होतं. रायग्रास झुबक्याने वाढतं. आपल्या हरळीसारखं जमिनीवर पसरत जाऊन मुळं धरत नाही. उसाच्या फडातली हरळी ज्याने खुरपली आहे त्याला ती किती चिवट ते माहीत आहे! विम्बल्डनला मात्र स्पर्धा संपल्यावर नवं बी पेरावं लागतं.

गवताचा फायदा आपणही उठवलाय. डेव्हिस कपमध्ये यजमान देश कोर्ट निवडतो. २०२२ मध्ये डेन्मार्कला दिल्ली जिमखान्याच्या गवतावर खेळवलं आणि भारत ४-० ने जिंकला.

पुढच्या वेळी बघाल तेव्हा पहिल्या सोमवारी खेळाडूंची पावलं बघा, किती छोटी टाकतात ते. आणि दुसऱ्या आठवड्यात चेंडू बेसलाइनजवळ पडला की घेणाऱ्याची रॅकेट बघा, शेवटच्या क्षणी किती घाईत खाली येते.