घरी वडिलांचा तोल कसा मोजायचा? बॅलन्स बोर्ड घ्यावा का?

वडील ७४ वर्षांचे, अजून एकदाही पडलेले नाहीत, पण हल्ली चालताना भिंतीला बोटं लावतात, असं तुम्ही लिहिलंय. बोर्ड घेऊ नका. सेकंद दाखवणारं घड्याळ पुरेल.

भिंतींच्या कोपऱ्याकडे पाठ, समोर जड खुर्ची, तुम्ही शेजारी. पाय अनवाणी, डोळे उघडे, हातात काठी नाही. आधी दोन्ही पावलं जुळवून १० सेकंद. मग एका पायाचा अंगठा दुसऱ्या पावलाच्या आतल्या कमानीला टेकवून. मग एकाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, सरळ रेषेत. शेवटी एका पायावर. आधीचं १० सेकंद जमलं तरच पुढचं. हात पसरले, अंग डुललं तरी चालेल. पाऊल हललं किंवा हात टेकला की वेळ संपली.

कळीची तिसरी पायरी. ती १० सेकंद टिकली नाही तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. एका पायावर या वयात बऱ्याच जणांना जमत नाही, तेवढ्यावरून घाबरू नका.

गडबड बहुधा मोजणाऱ्याकडूनच होते. पाय लावेपर्यंत दंड धरा, पण हात पूर्ण सोडल्यावरच वेळ सुरू करा. बोटाच्या हलक्या स्पर्शानेही डुलणं कमी होतं: त्यात आधार नसतो, पण अंग कुठे झुकतंय ते त्वचेवाटे मेंदूला कळतं. वडील भिंतीला बोटं लावतात ती बहुतेक याचसाठी, त्यामुळे माझ्या मते ते लक्षण दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मोजताना गप्पाही नकोत. पुढच्या वेळी तीच जागा, तोच पाय पुढे. नाहीतर आकड्यांची तुलना फुकट.

बोर्ड शरीराचा भार तळव्यांखाली किती सरकतो ते दाखवतो. पावलांमधलं अंतर बदललं की आकडा बदलतो, आणि एका यंत्राचा आकडा दुसऱ्याशी जुळेलच असं नाही.

स्थिर उभं राहणं जमलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. वळताना, उठताना पडणारे पुष्कळ. म्हणून खुर्चीतून उठून ३ मीटर नेहमीच्या चालीने जाऊन, वळून परत बसायला लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तेही नोंदवा. शिवाय ५ मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर आकडे आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.