वडील 2005 पूर्वी वारले असतील, तर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळतो का?

आपण लिहिले आहे की, वडील 1999 साली वारले, आई त्यांच्या आधीच गेली, आपले लग्न 1991 साली झाले आणि आता दोघे भाऊ म्हणतात की कायदा 2005 चा असल्याने वडिलोपार्जित जमिनीत आपल्याला काहीच मिळणार नाही. शिवाय वाटप तोंडी केव्हाच झाले आहे. मी दिवाणी दाव्यांचे काम करतो. आपण दिलेल्या माहितीवरून पाहता आपला हिस्सा आहे आणि तो भावांच्या बरोबरीचा आहे.

भावांचे म्हणणे एके काळी अगदीच निराधार नव्हते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 रोजी अंमलात आली आणि त्या दिवशी वडील हयात असले तरच मुलीला जन्मसिद्ध हिस्सा मिळेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात म्हटले होते. 2018 च्या दानम्मा प्रकरणात मात्र वडील 2001 साली वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. हा गोंधळ तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात मिटवला. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, म्हणून 2005 साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

लग्नाच्या तारखेचा मुद्दा महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीतून आलेला आहे. तिच्यात 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, परंतु 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत अशी अट नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला कुणी सांगितलेली दिसत नाही, याचे मला फार वाईट वाटते. जुन्या कायद्यातही मुलीचा वाटा शून्य नव्हता. वडील व दोन मुलगे हिस्सेदार धरले, तर वडिलांचा एक तृतीयांश वाटा तिन्ही मुलांत सारखा वाटला जाऊन आपल्याला एक नवमांश मिळालाच असता. आता आपला वाटा एक तृतीयांश होतो.

खरी लढाई तोंडी वाटपावर होईल. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेले वाटप किंवा विक्री यांना 2005 ची दुरुस्ती धक्का लावत नाही, त्यामुळे वाटप त्याआधीचे होते असे दाखवण्याचा प्रयत्न भावांकडून होणे स्वाभाविक आहे. मात्र कायद्याला नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा अपेक्षित आहे. नुसत्या तोंडी साक्षीवर वाटप मान्य करू नये, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद म्हणून त्याचा विचार व्हावा, असे विनीता शर्मा निकालात सांगितले आहे. म्हणून वडिलांच्या मृत्यूनंतरचे सगळे फेरफार आणि जुने सातबारे तलाठी व तहसील कार्यालयातून काढून घ्या. वारस नोंदीचा फेरफार कोणत्या तारखेचा आहे, त्यात आपले नाव आहे का, की ते ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकले आहे, हे नीट पाहा. नाव त्या रकान्यात असले किंवा मुळीच नसले, तरी त्यामुळे मालकी जात नाही, कारण फेरफार हा महसुलासाठीचा अभिलेख आहे.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली मालमत्ता असेल, तर तिचा प्रश्न वेगळा आहे: मृत्युपत्र नसल्यास तिघांचा वाटा सारखा, आणि मृत्युपत्र असल्यास ते सांगेल तसा.

नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर आपण पूर्वी सही केली असेल, तर वरील उत्तर बदलू शकते. तो कागद असल्यास वकिलांना प्रथम तोच दाखवा. केलेली नसेल, तर वाटपाचा दावा लावेपर्यंत कोणत्याही कागदावर, अगदी ‘बँकेच्या कर्जासाठी’ म्हणून पुढे केलेल्या कागदावरही, वाचल्याशिवाय सही करू नका. आणि जमीन विकण्याची बोलणी चालू असल्याचे कळले, तर दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईहुकमाचा अर्ज द्या.