परदेशी कारखान्यांतल्या कामगारांच्या हालांना फोन विकत घेणारा ग्राहक जबाबदार असतो का?

तुम्ही विचारलंय की फोन, लॅपटॉप ज्या परदेशी कारखान्यांत जोडले जातात तिथल्या कामगारांना बारा-बारा तास राबवलं जात असेल, तर त्याचा दोष विकत घेणाऱ्याकडे येतो का, आणि येत असेल तर मग कोणत्या ब्रँडचा फोन घ्यावा. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक वाक्य जोडलंय: ‘शेवटी ग्राहकालाच सगळं स्वस्त आणि लगेच हवं असतं ना?’ त्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. अगदी हेच वाक्य मला माझ्या वरिष्ठांनी एकदा ऐकवलं होतं, आणि तेव्हा मी गप्प बसले होते.

मी सहा वर्षं सप्लायर क्वालिटीचं, म्हणजे पुरवठादार कारखान्याकडून येणाऱ्या मालाचा दर्जा तपासण्याचं काम केलं. आमची कंपनी चार्जर विकायची, पण बनवायचा दुसराच कारखाना, चीनमध्ये डोंगग्वानला. दोघांचीही नावं लिहीत नाही. २०१३ साली एका नव्या चार्जरची बाजारात यायची तारीख तीन आठवडे अलीकडे ओढली गेली. कारखान्याला ते कळवणारा ईमेल मीच पाठवला. दोन ओळींचा होता. नगांचा आकडा तोच, माणसं तीच, मशिनं तीच, फक्त दिवस कमी.

पहिल्या खेपेपासूनच तपासणीत माल नापास व्हायला लागला. ड्राय सोल्डर. सोल्डर म्हणजे सुटे भाग बोर्डाला जोडणारा वितळवलेला धातू; त्याचा टाका वरून नीट दिसतो पण आत धरलेला नसतो. चार-दोनदा तापला, गार झाला की सुटतो. चार्जरमध्ये हे खपवून घेण्यासारखं नाही, म्हणून मला तिकडे धाडलं.

तिथे बरेचसे सुटे भाग हातानेच पीसीबीत, म्हणजे चार्जरच्या आतल्या सर्किट बोर्डात बसवत. मग बोर्ड वेव्ह सोल्डरिंगच्या मशिनमधून, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून जायचा, आणि जे टाके राहिले किंवा एकमेकांना चिकटले ते टच-अपच्या टेबलावर मुली हाताने दुरुस्त करायच्या. एका बोर्डाला अर्धं मिनिटही मिळत नव्हतं. शेवटी टेस्टर, म्हणजे चार्जरवर विजेचा भार टाकून तो नीट चालतो का ते बघणारं यंत्र. हा टेस्टर प्रत्येक नगाचा नंबर, निकाल आणि वेळ आपोआप साठवतो. मी ती नोंद काढली आणि नापास नग तासांप्रमाणे मांडले. सकाळी आठपासून दुपारपर्यंत जवळजवळ काहीच नाही. संध्याकाळी सहानंतर आलेख वर सरकायला लागायचा आणि रात्री नऊनंतर सरळ उभा राहायचा.

हजेरीपत्रकाप्रमाणे मात्र काम सात वाजता संपत होतं. रविवारी लाइन बंद होती, असंही हजेरीपत्रक सांगत होतं. टेस्टरमध्ये लागोपाठच्या तीन रविवारी दोन-दोन हजार नग होते. हजेरीची दोन बाडं होती, एक ऑडिटला (कामाचे तास आणि पगार तपासायला येणाऱ्यांना) दाखवायचं आणि एक पगार काढायचं. टेस्टरकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण ऑडिटवाले तो कधी उघडतच नाहीत.

टच-अपच्या टेबलावरच्या एका मुलीशी मी दुभाष्या मुलीमार्फत बोलले. लांबच्या खेड्यातून आलेली, तिचा लहान मुलगा तिकडे आजीकडे. मी बाई असल्यामुळे मला त्यांच्या डॉर्मिटरीत जाता आलं, तिथे तिच्या पलंगाच्या कडेवर बसून आम्ही बोललो. मला वाटलं होतं ती तासांबद्दल तक्रार करेल. तिने मला विचारलं, पुढच्या महिन्यात ऑर्डर कमी तर होणार नाही ना? मूळ पगार किमान वेतनाला चिकटलेला. खोलीचे आणि जेवणाचे कापले की घरी पाठवायला उरायचे ते ओव्हरटाइमचेच.

‘त्यांनाच जास्त तास हवे असतात’ असं जे म्हणतात त्यांनी हे नीट समजून घ्यावं. २०१२ साली कामगारांच्या हक्कांवर काम करणाऱ्या फेअर लेबर असोसिएशनने, ॲपलचा माल जोडणाऱ्या फॉक्सकॉन या कंपनीच्या तीन कारखान्यांत ३५ हजारांवर कामगारांना विचारलं होतं. त्यातले जवळपास एक तृतीयांश म्हणाले, तास वाढवून द्या. आणि ६४ टक्के म्हणाले, पगारात मूलभूत गरजा भागत नाहीत. हे दुसरं उत्तर वाचल्याशिवाय पहिल्याचा अर्थच लागत नाही.

चीनचा कायदा वाईट नाही. आठवड्याला ४० तास, ओव्हरटाइम महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास, त्याचा दर दीडपट, आठवड्याच्या सुटीला दुप्पट. सहा दिवस रोज ११ तास धरले तर आठवड्याचे ६६ होतात, म्हणजे २६ तास ओव्हरटाइम. महिन्याची मर्यादा दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावरच संपते. इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी मिळून केलेल्या आचारसंहितेत आठवड्याला ६० तासांची कमाल मर्यादा आहे. स्थानिक कायदा पाळा असंही तीच संहिता म्हणते, पण मी बसले त्या प्रत्येक बैठकीत वाद ६० वर झाला. ३६ चा आकडा कुणी तोंडातून काढला नाही.

मी रिपोर्टमध्ये मूळ कारण म्हणून लिहिलं: तारीख तीन आठवडे अलीकडे आणल्यामुळे कामाचे तास वाढले, थकव्यामुळे दोष वाढले. आलेख जोडला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला. ‘हे बघ, तू क्वालिटीची आहेस. तासांचं काय ते ऑडिटवाले बघतील. शेवटी ग्राहकालाच सगळं स्वस्त आणि लगेच हवं असतं, आपण काय करणार?’ मूळ कारणाच्या रकान्यात अखेर गेलं, ‘ऑपरेटरचं प्रशिक्षण अपुरं’. खाली सही माझी.

प्रशिक्षण अपुरं म्हटल्यावर कारखान्याने अपुऱ्या प्रशिक्षणाची माणसं शोधली. त्या मुलीला पॅकिंगला टाकलं. पॅकिंगला ओव्हरटाइम जवळजवळ नव्हता. दुभाष्या मुलीने हे मला महिन्याभराने कळवलं.

आता तुमच्या वाक्याकडे येते. तारीख अलीकडे ओढली त्या बैठकीला मी हजर होते. तिमाहीच्या आकड्यांत ही विक्री धरायची होती, एवढंच कारण होतं. चार्जर तीन आठवडे आधी द्या असं एकाही ग्राहकाने म्हटलं नव्हतं. त्या खोलीत ग्राहक हा शब्द निदान वीसदा उच्चारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ ‘आम्ही’ असाच होता. म्हणून तुमच्यासारखा एखादा भला माणूस तेच वाक्य स्वतःच्या अंगाला लावून घेतो तेव्हा मला चीड येते. ज्यांनी निर्णय घेतला त्यांचं ओझं तुम्ही आपणहून उचलताय.

‘स्वस्त’ हेही तपासून बघा. आयफोन ४ च्या किमतीची फोड अमेरिकेतल्या अभ्यासकांनी केली होती. विक्रीच्या किमतीत चीनमधल्या मजुरीचा वाटा १.८ टक्के, ॲपलचा नफा ५८.५ टक्के. मजुरी दुप्पट केली आणि सगळा भार ग्राहकावर घातला तरी शंभराचे एकशे दोनसुद्धा होत नाहीत. एवढ्यासाठी ग्राहक फोन घ्यायचा थांबला असता हे कुणी मला पटवून द्यावं.

राहिलं ‘लगेच’. सगळं विष मला तिथेच दिसतं. २००९ साली चीनमधल्या सूजौच्या विनटेक कारखान्यात ॲपलच्या टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन हे रसायन वापरलं गेलं. कारण एकच, ते लवकर उडून जातं, पुसणाऱ्याचे काही सेकंद वाचतात. ते मज्जातंतूंवर परिणाम करतं. ॲपलच्याच अहवालाप्रमाणे १३७ कामगारांना बाधा झाली. शेवटच्या जोडणीच्या कामात बेंझीन आणि एन-हेक्झेन वापरायला ॲपलने बंदी घातली ती २०१४ मध्ये. २०११ च्या मे महिन्यात चेंगडूच्या फॉक्सकॉनमध्ये आयपॅडची पाठ पॉलिश करताना उडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या धुळीने स्फोट झाला, माणसं मेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शांघायच्या दुसऱ्या एका कारखान्यात तशाच धुळीने पुन्हा स्फोट. ॲल्युमिनियमची धूळ पेट घेते हे कारखानदारीत जुनं ज्ञान आहे. धूळ ओढून घेणारी यंत्रणा नीट बसवायला आणि साफ ठेवायला लाइन थांबवावी लागते, आणि लाइन थांबवायला कुणी तयार नसतं.

मग फोन घेणं बंद करावं का? एकट्याने केलेल्या बहिष्काराने काही होत नाही, हे मी स्पष्टच सांगते. एकच कारखाना एकाच छपराखाली चार कंपन्यांचा माल करतो. तुम्ही एक ब्रँड सोडून दुसरा घ्याल आणि तो शेजारच्या लाइनवर जोडलेला असेल. ऑर्डर कमी झालीच तर आधी ओव्हरटाइम जातो, आणि ओव्हरटाइम गेला की काय होतं ते वर लिहिलंय.

जिथे खरोखर काही हललं तिथे रेटा बहुधा वेगळ्याच जागेवरून आला. दक्षिण कोरियात ह्वांग यू-मी ही सॅमसंगच्या सेमीकंडक्टर कारखान्यात काम करणारी मुलगी २००७ साली ल्युकेमियाने गेली, वयाच्या २२ व्या वर्षी. तिचे वडील टॅक्सी चालवायचे. त्यांनी आणि तशाच इतर कुटुंबांनी अकरा वर्षं पाठ सोडली नाही, तेव्हा २०१८ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागितली आणि भरपाई मान्य केली. या लढ्याला कोणत्याही ग्राहकाने फोन बदलल्यामुळे बळ मिळालं नाही. त्यांची बाजू ऐकून घेऊन ती पुढे बोलणाऱ्या लोकांमुळे मात्र मिळालं.

म्हणून मी ग्राहकाला मोकळं सोडत नाही. तुमच्या नावाने निर्णय घेतले जात असतील तर ‘माझ्या नावाने हे करू नका’ एवढं सांगणं तुमच्याकडे लागतं. ते दुकानात सांगून उपयोग नाही. तुम्ही जिथे नोकरी करता, शिकता, शिकवता, ती संस्था एका वेळी शेकडो संगणक घेते. त्या खरेदीच्या करारात कामाच्या तासांची, रसायनांची आणि तपासणीची अट घालता येते. युरोपात ‘इलेक्ट्रॉनिक्स वॉच’ ही संघटना सार्वजनिक संस्थांच्या खरेदीतून हेच करते, आणि तिथे कामगारांशी बोलणारे लोक कारखान्याच्या जवळचे, त्यांची भाषा बोलणारे असतात. कायद्यानेही फरक पडतो. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे काय चालतं त्याबद्दल उत्तरदायी धरलं. २०१३ मध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, त्या दुर्घटनेनंतर बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांसाठी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्या तोडीचा करार व्हायला हवा, असं मी ठामपणे म्हणेन.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी एका कारखान्याचं सांगतेय. नीट चालवलेले कारखानेही मी पाहिले आहेत, जिथे टेस्टरची वेळ आणि हजेरीची वेळ जुळायची. चीनमधली मजुरी तेव्हापासून बरीच वाढली आहे, त्यामुळे १.८ चा आकडा आजच्या फोनला जसाच्या तसा लावू नका. बहिष्काराबद्दल मी कडक लिहिलं, पण कामगारांनी स्वतः हाक दिली असेल तर तो पाळावा, तिथे माझा विरोध नाही.

आणि माझे ते वरिष्ठ कदाचित हे वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी. सर, तुम्ही म्हणाला होतात की मी लिहिलेलं कारण सिद्ध करता येणार नाही. पुढच्या तिमाहीत माल द्यायच्या तारखा पुन्हा सरळ झाल्या, तास खाली आले, आणि त्याच टेबलावर, नव्याने काहीही न शिकवलेल्या मुलींच्या हातून, ड्राय सोल्डर जवळजवळ थांबलं. तो महिन्याचा तक्ता तुम्हाला मीच पाठवला होता. तुम्ही त्यावर ‘छान’ एवढंच लिहिलंत.

कोणत्या ब्रँडचा घ्यावा, याचं उत्तर राहिलं. फेअरफोन ही डच कंपनी २०१३ पासून या प्रश्नांवर काम करते, जोडणीच्या कारखान्यातल्या कामगारांना बोनस देते आणि फोन घरी उघडून दुरुस्त करता येईल असा बनवते. तो जिथे मिळतो तिथे घ्यावा. मिळत नसेल तर हातातल्या फोनची बॅटरी बदलून आणखी दोन-तीन वर्षं काढा, आणि नवा घेताना तो बाजारात येतो त्या पहिल्या महिन्यात घेऊ नका.