सर्व्हरवरून आणलेला नाइन-पॅच बबल आणि कडेच्या काळ्या रेघा

सर्व्हरवरून आणलेला बबल का बिघडतो, असं विचारत तुम्ही टाकलेला स्क्रीनशॉट बघितला आणि 3 वर्षांपूर्वीचं आमचं अ‍ॅप डोळ्यांसमोर आलं. अँड्रॉइडच्या ड्रॉएबल (म्हणजे चित्रांच्या) फोल्डरमध्ये ठेवलेला चॅटचा नाइन-पॅच बबल (ठरवलेला भागच ताणला जाणारी पीएनजी इमेज) एकदम छान, आणि तोच दिवाळीचा बबल सर्व्हरवरून आणला की कडेला काळ्या रेघा अन् शेपटी ओढून लांबलेली. आमचंही अगदी हेच झालं होतं.

तुमच्या कोडमध्ये मला चूक दिसत नाही, फाइल कच्ची आहे. कुठला भाग ताणायचा ते नाइन-पॅचच्या कडेला एका पिक्सेलच्या काळ्या रेघांनी दाखवलेलं असतं, पण त्या रेघा फोन वाचतच नाही. बिल्डच्या वेळी एएपीटी (अँड्रॉइडचं इमेज वगैरे पॅक करणारं टूल) त्या वाचतो, कापून टाकतो आणि कुठला भाग ताणायचा ते पीएनजीच्याच पोटात 'एनपीटीसी' नावाच्या चंकमध्ये (फाइलमधल्या माहितीच्या कप्प्यात) लिहून ठेवतो. सर्व्हरवरची फाइल त्या वाटेने गेलेलीच नसते. म्हणून एएपीटीची सिंगलक्रंच कमांड चालवा आणि त्यातून निघालेली फाइल अपलोड करा. फोनवर तो चंक वाचून त्यातून नाइनपॅचड्रॉएबल (ताणता येणारं चित्र) कसा बनवायचा ते तुम्हाला जमलेलं दिसतंय.

इथवर मी एका दिवसात पोचलो होतो. पुढचे 2 आठवडे मात्र फुकट गेले. टेस्टिंगला सगळं नीट, लाइव्हवर चंक नल, म्हणजे नाहीच. लाइव्हच्या इमेज एका बाहेरच्या सर्व्हिसमधून जायच्या आणि ती आपणहून त्यांचा साइज कमी करायची. पीएनजीच्या नियमाप्रमाणे चंकच्या नावाचं पहिलं अक्षर स्मॉल असेल तर तो चंक ऐच्छिक. आपल्याचा 'एन' स्मॉलच आहे, त्यामुळे तिथे तो फालतू म्हणून काढला जात होता. त्यांच्या सपोर्टला दोन्ही फाइल्स जोडून मी 4 मेल केले. दर वेळी उत्तर एकच: दोन्ही इमेज पिक्सेलला पिक्सेल सारख्या आहेत, तिकीट बंद. पिक्सेलबद्दल मी विचारलंच नव्हतं! शेवटी हेक्स एडिटरमध्ये दोन्ही फाइल्स शेजारी शेजारी उघडल्या. एकीत आयडॅटच्या (पिक्सेलच्या डेटाच्या चंकच्या) आधी 'एनपीटीसी'ची चार अक्षरं स्पष्ट दिसत होती, दुसरीत नव्हती. त्या फोल्डरपुरतं ऑप्टिमायझेशन बंद केलं आणि बबल सरळ झाला. हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

अजून दोन गोष्टी. डीकोडस्ट्रीमला (इमेज उघडणाऱ्या फंक्शनला) पॅडिंगसाठी, म्हणजे मजकुराभोवतीच्या मोकळ्या जागेसाठी, रेक्ट (चौकटीची मापं) द्या आणि तोच नाइनपॅचड्रॉएबलला द्या; रिकामा रेक्ट दिलात तर मजकूर बबलच्या काठाला चिकटतो. फाइल एक्सएचडीपीआयची (320 डेन्सिटीच्या स्क्रीनसाठीची) असेल तर बिटमॅपची डेन्सिटी 320 सेट करा, नाहीतर 480 डेन्सिटीच्या फोनवर कोपरे बारीक दिसतात.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या: नुसते गोल कोपरे हवे असतील तर इमेज वापरूच नका, एक्सएमएल शेप पुरतो. नाइन-पॅच शेपटी, सावली, नक्षी असेल तेव्हाच. आयओएसवालेही तुमच्याच टीममध्ये असतील तर त्यांना सांगून ठेवा, कॅप इनसेट्स (न ताणायच्या कडांची मापं) देताना मोड सांगितला नाही तर मधला भाग ताणला न जाता टाइल होतो, म्हणजे पुन्हा पुन्हा मांडला जातो, आणि ग्रेडियंटवर पट्टे दिसतात.

हे सगळं अँड्रॉइडच्या नेहमीच्या व्ह्यूंबद्दल आहे, कंपोजमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन बनवायची नवी पद्धत) मी हे केलेलं नाही. आज लाइव्ह बिल्डवर चंकची लांबी लॉग करा आणि काय येतं ते इथे लिहा. नल आली तर सर्व्हरवरून थेट उतरवलेली फाइल आणि फोनवर पोचलेली फाइल, दोन्ही टाका. मी बघतो.