काटेकणगी म्हणजे काट्याचे रताळे का?

पुण्याहून फोंड्याला राहायला आलेल्या एका वाचकाने विचारले आहे: बाजारात 'काटेकणगी' म्हणून जे कंद मिळतात ते रताळीच का? आणि इंग्रजी 'यॅम'ला मराठीत 'रताळे' म्हटले तर चालेल का?

नाही चालणार. घाटावर कणगी म्हणजे धान्य साठवायची. गोव्यात कणंग म्हणजे रताळे, म्हणून नाव ऐकून असा समज होतो. पण नाते नावापुरतेच. रताळे मूळचे अमेरिकेतले, गारवेलीच्या कुळातले, आणि फुगते ते त्याचे मूळ. काटेकणगी, कोनफळ आणि कारांदे हे तिघे डायोस्कोरिआ या प्रजातीतले, म्हणजे खरे 'यॅम'. हे एकदल वेल, म्हणजे रताळ्यापेक्षा भाताला जवळचे! पानावरून ते पटत नाही, कारण पान हृदयाच्या आकाराचे आणि मुख्य शिरांच्या मध्ये चक्क जाळी.

तिघांना एकमेकांपासून वेगळे ओळखायचे तर कंद नको, वेल बघा. कोनफळाचा वेल चौकोनी, प्रत्येक धारेला पातळ पंख. शास्त्रीय नावातल्या 'अलाटा'चा अर्थच पंख असलेली. कारांद्याचा गोल आणि गुळगुळीत. काटेकणगीला बुडाशी काटे, आणि जमिनीत कंदांच्या घोसाभोवतीही बऱ्याचदा काटेरी मुळे. कोनफळ आधाराला ज्या दिशेने विळखा घालते, त्याच्या उलट दिशेने बाकीचे दोघे चढतात. शेजारी शेजारी लावले असतील तर हे सहज दिसते, आणि एकदा दिसले की विसरत नाही.

कारांद्याबद्दल एक आग्रह. पानांच्या बगलेत वेलाला ज्या खडबडीत गाठी लटकतात, त्यांना 'फळे' लिहू नये. त्या कंदिका आहेत. गळून पडल्या की तिथेच रुजतात. खरी फळे म्हणजे तीन पंखांची सुकी बोंडे, आणि तीही फक्त मादी वेलावर.

सुरण यांच्यातले नव्हेच. ते अळूच्या कुळातले, वेलसुद्धा नाही. पण आपल्याकडच्या इंग्रजीत त्यालाही 'यॅम' म्हणतात. म्हणून अनुवाद करताना आधी कोणता कंद ते शोधावे आणि त्याचेच नाव लिहावे. खतखत्याच्या, म्हणजे गोव्यातल्या मिश्र भाज्यांच्या रश्शाच्या, कृतीत तर हे फारच गरजेचे: कोनफळ सोलून थेट घालता येते, कारांदे कडू असतात, ते आधी मीठ घालून उकडावे लागतात.