पेलेट ग्रिल (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर, चालणारं) सगळीकडे सारखं तापतं का, हे कसं तपासायचं?

जाळीच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध असे पाच प्रोब (तापमान मोजणाऱ्या सळ्या) लावा, ग्रिल १२० अंश सेल्सिअसवर ठेवा आणि तासभर दर मिनिटाला नोंद घ्या. ग्रिलच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याचा सेन्सर बहुतेक वेळा पेटीच्या भिंतीलगत असतो, म्हणून तो तिथलं तापमान सांगतो, जाळीवरचं नाही. प्रोबची टोकं जाळीपासून २-३ सेंटिमीटर वर, हवेत हवीत. धातूला टेकली की आकडा फसवा येतो. आधी सगळे प्रोब बर्फाच्या पाण्यात एकत्र बुडवून पाहा, शून्याच्या आसपास एकसारखे दिसायला हवेत. नोंद सुरू करायची ती झाकण लावून अर्धा तास तापल्यावरच. मग दोन गोष्टी वेगळ्या वाचा:

- एकाच प्रोबचा चढउतार: ऑगर (पेलेट आगीकडे ढकलणारा स्क्रू) पेलेट थांबून थांबून टाकतो, म्हणून ५ ते १० अंशांचा हेलकावा चालतो. त्याहून बराच मोठा असेल तर फायरपॉटमधली (पेलेट जळतात त्या भांड्यातली) राख आणि दमट पेलेट आधी बघा.
- पाच प्रोबमधला फरक: फायरपॉटवरचा पत्रा सरकलाय किंवा चरबीचा ट्रे नीट बसलेला नाही, बहुधा हेच निघतं.

प्रोब नसतील तर १८० अंशांवर जाळीभर ब्रेडचे काप मांडा. कुठे आधी करपतात ते दिसेल, आकडा मात्र मिळणार नाही. ही चाचणी रिकाम्या ग्रिलची आहे, मांसाचा मोठा तुकडा ठेवला की गरम हवेची वाट बदलते. आणि वाऱ्यात घेतलेल्या नोंदी धरूच नका.